टिटवी ओरडली, आता कोण मरणार?

माहूरच्या गडावर रेणुकेची उभी मूर्ती नाही. गाभाऱ्यात दिसतं ते फक्त मुख, शेंदरानं माखलेलं, भलंमोठं. त्याची कथा सांगतात ती अशी: जमदग्नीबरोबर रेणुका सती गेली. परशुरामाला आईचा शोक आवरेना, तेव्हा आकाशवाणी झाली. आई जमिनीतून पुन्हा प्रकट होईल, पण तू मागं वळून पाहू नकोस. परशुरामाला दम निघाला नाही. तो वळला तेव्हा मुखच तेवढं वर आलेलं होतं.

ही कथा ऐकणारा माणूस बहुधा दर्शन घेऊन आलेला असतो. शेवट त्यानं डोळ्यांनी पाहिलेला असतो. त्यामुळं ‘वळून पाहू नकोस’ ही ताकीद आली की परशुराम वळणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरीही या वेळी तरी यानं वळू नये, असं वाटायचं राहत नाही. पुढं घडणाऱ्याची चाहूल कथेत आधी ठेवून देणं, म्हणजे पूर्वसूचन, हे जगभरच्या कथाकारांचं जुनं कसब. आपल्याकडं कथालेखनाच्या शिबिरांत ते शिकवलं जातं रहस्यकथेच्या हिशेबानं: धागा लपवा, वाचकाला चकवा, शेवटी उलगडा करा. नांदेड-लातूरकडची सांगण्याची रीत या हिशेबात बसत नाही. इथं शेवट गुपित नसतोच. आज इथं लिहिली जाणारी कथा मात्र शेवट गुपित असल्यासारखी वागते आणि तो पहिल्याच पानावर सांगून टाकते. माझी तक्रार या दुहेरी गोंधळाबद्दल आहे.

लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते. घोडे-गाढवांचा बाजार, तमाशाचे फड, आणि वाघ्या-मुरळी. खंडोबाच्या जागरणात लोखंडी साखळी, म्हणजे लंगर, असतो. तो शेवटी वाघ्या तोडणार, हे पोराटोरांनाही माहीत असतं. रात्रभर दिमडी वाजते, मणि-मल्लाचा वध होतो, बाणाईसाठी देव धनगरवाड्यावर राबायला जातो, म्हाळसा रुसते. या सगळ्या वेळात ती साखळी कुणी विसरत नाही. चेखव म्हणत असे, भरलेली बंदूक रंगमंचावर आणलीत तर ती उडालीच पाहिजे. जागरणातल्या लंगराला हा नियम कुणी शिकवावा लागला नाही. फरक एवढाच की चेखवची बंदूक उडेल की नाही याची प्रेक्षकाला शंका असू शकते. लंगराबाबत शंका नसते, नुसती वाट पाहणं असतं.

कीर्तनातही तेच. उमरीजवळच्या गोरठ्याचे दासगणू महाराज नारदीय पद्धतीचे मोठे कीर्तनकार. 1962 मध्ये ते गेले. या पद्धतीत पूर्वरंगात एक अभंग घेऊन त्याचं निरूपण करायचं आणि उत्तररंगात आख्यान लावायचं. पूर्वरंगातला सिद्धान्त पुढच्या आख्यानाचं वळण आधीच सांगून मोकळा होतो. हरिश्चंद्र डोंबाघरी विकला जाणार, हे काय नवीन आहे? पण चांगला बुवा पूर्वरंगात सत्यवचनाबद्दल बोलताना एखादा शब्द असा सोडून देतो की तासाभरानं स्मशानाच्या प्रसंगात तो आपोआप श्रोत्यांच्या कानांत वाजतो. वाईट बुवा तोच शब्द चारदा ठोकून सांगतो. हे चारदा ठोकणं पुढं कथेतही आलं आहे, त्याकडं येतोच.

नाट्यशास्त्रात या कसबाला जागा आहे. तिथं पताकास्थानक सांगितलं आहे: बोलणारा एका गोष्टीबद्दल बोलतो आणि त्याच शब्दांत भलतीच, पुढं येणारी गोष्ट उमटते. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त याचा फार क्रूर नमुना आहे. सीता रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपली आहे. हिचं सगळं आपल्याला प्रिय आहे, असह्य होईल तो फक्त विरह, असं राम म्हणतो, आणि त्याच क्षणी दारपालिका वर्दी देते की आला आहे. ती बोलते दुर्मुख नावाच्या हेराबद्दल. प्रेक्षकाला मात्र विरहच दारात उभा दिसतो. इथंही सगळ्यांना रामकथा पाठ होती. भवभूतीला चकवायचं नव्हतंच, त्याला माहीत असलेली गोष्ट पुन्हा दुखवायची होती.

नाट्यशास्त्राचा विषय निघाल्यावर नांदेडात नरहर कुरुंदकरांना टाळता येत नाही. पीपल्स कॉलेजात शिकवणारा हा माणूस भरतावरही लिहीत होता आणि ‘धार आणि काठ’मध्ये मराठी कादंबरीचाही हिशेब मांडत होता. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला त्यांचं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेलं आहे. ते पत्र मी पूर्वसूचनाच्या दृष्टीनं वाचतो, तसं ते लिहिलेलं नसलं तरी. चमत्कार आणि अवताराची प्रभावळ बाजूला ठेवून शिवाजीकडं माणूस म्हणून पाहा, हा त्यातला आग्रह. ऐतिहासिक कादंबरीकाराचा मोह नेमका याच्या उलट असतो. पुढं काय झालं हे त्याला आणि वाचकाला माहीत असतं, म्हणून तो पाळण्यातल्या पोराच्या डोळ्यांत सिंहासन पाहतो. ज्योतिषी येतात, दृष्टान्त होतात, म्हाताऱ्या दाया भाकितं करतात. असं केलं की त्या माणसानं घेतलेल्या निर्णयांची किंमत जाते, कारण सगळं आधी ठरलेलंच होतं. ऐतिहासिक कादंबरीतला हा रोग गेल्या चाळीसेक वर्षांत ग्रामीण कथेलाही लागला आहे. तिथं सिंहासनाच्या जागी सरण आहे, इतकंच.

ग्रामीण कथेतला चांगला काळही इथलाच आहे. लातूरजवळच्या काटगावात जन्मलेल्या रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ 1971 ची. गावातल्या शिंप्याच्या घराची वाताहत त्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत सांगितलेली. नावातच शेवट आहे. पण बोराडे त्या नावावर विसंबून बसले नाहीत. सांगणारी बाई सगळं भोगून झाल्यावर बोलते आहे, त्यामुळं साध्या घरगुती वाक्यांनाही मागच्या बाजूनं वजन येतं. ती शकुन-अपशकुनांची यादी करत नाही. तिचा स्वर तेवढा सगळं ओळखून आहे.

भास्कर चंदनशिव धाराशिव जिल्ह्यातले. त्यांची ‘लाल चिखल’ ही कथा शाळेच्या पुस्तकातून महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी वाचली. बाजारात टमाटे विकायला बसलेला बाप, सोबत शाळकरी मुलगा. भाव उतरत जातो आणि शेवटी बाप आपल्याच ढिगावर नाचून माल तुडवतो. पुन्हा नावातच शेवट. मात्र पहिल्यांदा वाचताना लाल चिखल म्हणजे काय हे कळत नाही. वाचक रक्ताची अपेक्षा करतो आणि टमाटे असतात. खरी चाहूल नावात नाही, ती उतरणाऱ्या भावात आहे. प्रत्येक गिऱ्हाइकागणिक आकडा खाली येतो, आणि मुलगा तो मोजतो. अपशकुनाची गरजच नाही. आकडा कुठवर उतरू शकतो हे वाचकाला कळतं, माणूस कुठवर उतरू शकतो हे कळत नाही, आणि कथा या दोहोंच्या मधल्या जागेत चालते. मराठी कथेत पूर्वसूचनाचा इतका कोरडा, इतका नेमका वापर मला फारसा आढळत नाही.

आता आजचं. दिवाळी अंकांत मराठवाड्यातून येणाऱ्या शेतकरी-कथा वाचाव्यात. पहिल्या परिच्छेदात टिटवी ओरडते. दुसऱ्यात भेगाळलेलं रान. तिसऱ्यात आढ्याला टांगलेला कासरा, त्यावरून नायकाची नजर फिरते. कोपऱ्यात फवारणीचं औषध. चौथ्या परिच्छेदात मुलीचं लग्न ठरतं आणि वाचक अंक मिटतो. त्याला सगळं कळलेलं असतं. लेखकाला मात्र वाटतं की आपण चेखवची बंदूक टांगली.

बंदुकीचा नियम शेतकऱ्याच्या घरात चालत नाही, हे कुणी नीट बोलत नाही म्हणून इथं बोलतो. रशियन जमीनदाराच्या दिवाणखान्यात भरलेली बंदूक वेगळी उठून दिसते, म्हणून तिच्याकडं लक्ष जातं. आपल्याकडं सोयाबीन करणाऱ्या प्रत्येक घरात औषध असतंच. कासरा असतोच. विहीर असतेच. या वस्तू नुसत्या दाखवून काही सुचवलं जात नाही, कारण त्या रोजच्या आहेत. त्या वस्तूंशी माणसाचं वागणं बदललं तरच चाहूल लागते. आयुष्यभर पोरांच्या हाताला लागू नये म्हणून औषध उंच ठेवणारा माणूस एके दिवशी ते खालीच ठेवून देतो. शेजाऱ्याची दोन वर्षांपूर्वी आणलेली तिफण न मागता परत करतो. फाट्यावरच्या हॉटेलातली चहाची उधारी मिटवतो, आणि हॉटेलवाला चेष्टा करतो की पाटील, लॉटरी लागली का. ही चेष्टा वाचकाला हसवते, आणि पुढं त्याच हसण्याची त्याला लाज वाटते. टिटवीनं हे काम होत नाही.

बाजू विदर्भाची असली तरी एक चित्रपट इथं आठवावा लागतो. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर बायकोच्या मनात भीती शिरते की आता आपला नवरा. मग ती सासूला आणि लहान पोराला त्याच्यावर पहारा करायला लावते. तो कुठंही जावो, कुणीतरी मागं आहेच. प्रेक्षकाच्या मनातली चाहूल दिग्दर्शकानं उचलून एका पात्राच्या मनात ठेवली, आणि तिथं ती हास्यास्पदही झाली, केविलवाणीही. शेवट सांगत नाही. पण चांगलं पूर्वसूचन लेखकाच्या आवाजात नसून पात्राच्या धास्तीत असतं, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

नावांबद्दल एक वेगळं टिपण करायला हवं. पाचोळा, मरणकळा, तसनस. इकडच्या पुस्तकांची नावं ओळीनं मांडली तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नुकसानीच्या पंचनाम्याचे मथळे वाटतात. प्रत्येक पुस्तक वेगळं आहे. साहित्य अकादमी मिळालेले परभणीचे आसाराम लोमटे तर राजकारणाची बारीक यंत्रणा दाखवण्यात फारच सावध लेखक आहेत. पण मागून येणाऱ्यांनी या नावांतला फक्त विध्वंस घेतला. त्या तुलनेत लातूरच्या शेषराव मोहिते यांचं ‘धूळपेरणी’ हे नाव मला हुशारीचं वाटतं. पाऊस येण्याआधी कोरड्या रानात बी टाकणं हा जुगार आहे. तो लागतो, फसतोही. नाव वाचून पुढचं काहीच नक्की होत नाही.

आत्मकथनाची अडचण आणखी निराळी. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ 1987 ला आलं. हा मुलगा जगला, शिकला आणि त्यानं पुस्तक लिहिलं, हे वाचकाच्या हातातल्या पुस्तकावरूनच सिद्ध असतं. तिथं चाहूल कशाची द्यायची? गायकवाड ती देत नाहीत. त्या वयात जे कळत नव्हतं ते न कळल्यासारखंच ठेवतात. पोलीस घरात शिरतात तेव्हा पोराला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला. पुढं काय होणार हे सांगण्याचा मोह आवरणं, हेही याच कलेचं अंग.

आणि मग किल्लारी. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, चार वाजायला काही मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं झोपली होती. औसा तालुक्यातलं किल्लारी आणि पलीकडं सास्तूर, आजूबाजूची गावं. पुढं 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. तीसहून जास्त वर्षं झाली, या विषयावर शाळा-महाविद्यालयांच्या एकांकिका ढिगानं झाल्या, नांदेड-लातूरच्या नाट्यगृहांनी त्या पाहिल्या. जवळजवळ सगळ्यांची सुरुवात एकच: विसर्जनाचा ढोल, मग कुत्र्यांचं विव्हळणं, गोठ्यातलं जनावर दावं तोडतंय, कुणी म्हातारी म्हणते, आज काही बरं वाटत नाही. मग अंधार, गडगडाट, किंकाळी. हे शकुन भूकंपानंतर गोळा झालेले आहेत. संकट आलं की माणूस मागं जाऊन त्याची पावलं शोधतो, हे स्वाभाविक. पण लेखकानं ती सापडलेली पावलं जशीच्या तशी कथेच्या आरंभी ठेवली की ती खोटी वाटतात.

वस्तुस्थितीत चाहूल खरोखरच लागली होती, आणि ती कुत्र्यांच्या विव्हळण्यापेक्षा कितीतरी भयंकर आहे. आदल्या वर्षी, 1992 च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, किल्लारीला धक्के बसत होते. जमिनीतून आवाज येत. माणसं घाबरली, काही बाहेर झोपू लागली. मग धक्के थांबले, थंडी आली, सुगी आली. सवय झाली. कथाकारासाठी सगळा धडा इथं आहे. सूचना लपवायची नसते, तिची सवय होऊ द्यायची असते. पहिल्यांदा भांडं वाजलं तर वाचक दचकतो, पाचव्यांदा पात्रांबरोबर तोही कूस बदलून झोपतो. पुढची पहाट त्याला चकवत नाही. ती सूचना तो हसून विसरला होता, हे त्याला बोचतं.

तिथल्या घरांकडंही पाहावं. चिखलात रचलेल्या दगडाच्या जाड भिंती, वर लाकडावर माळवद. उन्हाळ्यात अशा घरासारखं सुख नाही. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर माती टाकायची. थरावर थर चढत गेले आणि छताचं वजन वाढत गेलं. माणसं मेली ती बहुतेक याच भिंती आणि याच छताखाली. आता एखाद्या लेखकानं कथेच्या सुरुवातीला मे महिन्यातली दुपार लिहावी: बाप माळवदावर माती पसरतो आहे, पोरगा पाट्या भरून देतो आहे, आई खालून ओरडते आहे की आणखी चार पाट्या टाका, मागच्या साली देवघरावर गळत होतं. एवढंच. ना ढग, ना कुत्रं. किल्लारी ठाऊक असलेल्या वाचकाला त्या चार पाट्या पेलवणार नाहीत, आणि नसलेल्याला ते नुसतं घरकाम वाटेल. दोघांसाठीही प्रसंग खरा राहील. गोष्टीतली वस्तू आधी स्वतःचं काम करते, घर राखते, पाणी अडवते, आणि मगच काही सुचवते. उलटा क्रम लावला की ती नेपथ्य होते.

2022 च्या एप्रिलात उदगीरला 95 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते भारत सासणे, म्हणजे नेमका चाहुलींचा लेखक. त्यांच्या दीर्घकथांत वातावरणच अनिष्टानं भारलेलं असतं. ‘अनर्थ रात्र’ हे नावच घ्या. नायक एखाद्या आडगावात येतो, माणसं अर्धवट बोलतात, काहीतरी घडून गेलंय किंवा घडणार आहे आणि कोणतं ते कळत नाही. सासण्यांना शेवट झाकायचा असतो, म्हणून त्यांची चाहूल धूसर असते. ग्रामीण कथेची परंपरा याच्या दुसऱ्या टोकाला आहे. मला सासण्यांच्या कथा आवडतात, तरी त्यांची धूसरता शेतकरी-कथेत आणणारे तरुण फसताना दिसतात. बँकेच्या नोटिशीला धुकं चालत नाही. तिच्यावर तारीख असते, रक्कम असते, जामीनदाराची सही असते. ती तारीख कथेत स्वच्छ लिहावी आणि मग दहा पानं तिच्याबद्दल काहीच बोलू नये. वाचक दिवस मोजत राहतो, लेखकानं मोजायची गरज नाही.

मार्केस्‌नं 1981 च्या आपल्या लघुकादंबरीत नायक मारला जाणार हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. सगळ्या गावाला खुनाचा बेत माहीत आहे, खुनी स्वतः सांगत सुटले आहेत, आणि तरी खून होतो. आपल्याकडच्या समीक्षकांनी या पुस्तकाचं फार कौतुक केलं. केलं ते योग्यच. पण असं काही नव्यानंच पाहिल्यासारखं आश्चर्य करण्याचं कारण नव्हतं. माहूरला गोंधळ ऐकलेल्या माणसाला ही रीत परकी नाही. ती आपल्या लिखित कथेपर्यंत का पोचली नाही, याचं एक कारण मला असं दिसतं की नांदेड-लातूरकडच्या लेखकांची पिढी शाळा-महाविद्यालयांतून घडली, तिथं कथा शिकवली गेली ती कलाटणीच्या शेवटावरून गुण देऊन. गोंधळ, जागरण, कीर्तन यांवर प्रबंध झाले, ते लोकसाहित्याच्या विभागात. कथेचं तंत्र म्हणून ते कुणी वाचले नाहीत.

कथेचा कच्चा माल मात्र पडून आहे. लातूरच्या अडतीत सोयाबीनची मूठ ओलावा मोजायच्या मशीनमध्ये जाते, आकडा येतो आणि त्यावर कट्टी, म्हणजे कपात, ठरते. ‘लाल चिखल’मधल्या उतरत्या भावाचा हा आजचा वारस, अजून कथेत नीट आलेला नाही. किंवा 2016 चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलं, मार्चमध्ये लातूरच्या पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली, 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा टाक्या, पाच लाख लिटर. वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचलेलं आहे, म्हणजे शेवट पुन्हा ठाऊकच. या कथेला भेगाळलेल्या जमिनीपासून सुरुवात करण्यात अर्थ नाही. दिवाळीच्या आसपास एखाद्या गल्लीतलं घर एक निळा प्लास्टिकचा ड्रम विकत घेतं. शेजारीण येऊन बघते, किंमत विचारते, आपला जुना बरा म्हणते. संक्रांतीला तिच्या अंगणात दोन आलेले असतात. पुढं पाहुण्यांचे फोन आले की लग्नाची तारीख कोणती यापेक्षा, तुमच्याकडं नळ कितव्या दिवशी येतो, हे आधी विचारलं जातं. मुलीकडचे हसून सांगतात, आठव्या. पुढच्या खेपेला सांगतात, बाराव्या. हसतात तेव्हाही.